डाव्या कानातली कुडी

रेडिओच्या सेटसमोर बसण्याआधी ताई डाव्या कानातली कुडी काढायच्या आणि टेबलावरच्या स्टीलच्या वाटीत टाकायच्या. टिंग असा बारीक आवाज व्हायचा. तो झाला की त्यांच्या गच्चीवरच्या खोलीत कोणी बोलायचं नाही, हा अलिखित नियम. मग कानांवर हेडफोन चढवून, एक बोट वर करून त्या म्हणायच्या, "आधी आयका. मंग बोला."

यवतमाळच्या आमच्या हौशी रेडिओ क्लबात नव्या माणसाला पहिला धडा हाच मिळायचा. सरकारी परीक्षा देऊन, परवाना काढून आलेला माणूससुद्धा हँडसेट हातात आला की बटण दाबून बोलत सुटतो. ताई त्याला थांबवायच्या. "बटन दाबलं का आपला सेट बहिरा होते, बाप्पा. दुनिया बोंबलली तरी तुले आयकू येनार नाई. म्हून बटन कमी दाबायचं."

हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल! पण कळलं मात्र फार उशिरा.

क्लब म्हणजे फार काही नाही. मी, माझं चष्म्याचं दुकान. एक हार्डवेअरवाला. केळापूरला राहणारे निवृत्त गुरुजी. कळंबचे एक-दोघं, आणि येऊनजाऊन असणारे काही. आम्ही रेडिओवरून बोलतो. मोबाइल असताना हे कशाला, असं तुम्ही विचाराल. माझी बायकोही विचारते. समाधानकारक उत्तर मला अजून सापडलेलं नाही. रेडिओवर प्रत्येकाची एक खूण असते, अक्षरांची. ती अक्षरं ठरलेल्या शब्दांनी सांगायची. ताईंच्या खुणेचं शेवटचं अक्षर 'किलो' असं उच्चारलं जायचं, म्हणून त्या किलोताई. मी 'चष्मेवाला'. माझ्या खुणेत तसं काही नाही, पण ताईंनी ठेवलेलं नाव मोडायची कोणाची छाती नव्हती.

ताई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक कॉल जोडायच्या. सगळी नोकरी त्यात गेली. कुडी काढायची सवय तिथलीच, कारण हेडफोनखाली ती रुतायची. जिल्ह्यातली लग्नं, मयती, भांडणं, कोणाचा मुलगा कोणावर रुसून नागपूरला गेला, सगळं त्यांच्या कानांवरून गेलेलं. शेजारपाजारच्या बायका नेहमी खोदायच्या. एकदा माझ्यासमोरच एकीनं टोमणा मारला, "किलोताई, तुमच्या पोटात आख्खा जिल्हा हाय, पन एक दाना बाहीर येत नाई."

ताई हसल्या. "चुकून आयकलेलं, आयकलेलं नसते बाई. आमच्या एक्स्चेंजले पयल्याच दिवशी हे शिकवलं होतं."

"पन कळते तर!"

"कळलं तरी आयकलेलं नसते."

नोकरी संपली, एक्स्चेंजची ती बोर्डंही गेली, आणि त्या रेडिओकडे वळल्या. रविवारी सकाळी विहारात वंदना झाली की पांढऱ्या साडीतच त्या गच्ची चढायच्या आणि कंट्रोलला बसायच्या. कंट्रोल म्हणजे हजेरी घेणारा. तो एकेकाला हाक मारतो, कोणी आधी बोलायचं ते ठरवतो, आणि दोघं एकदम बोलले तर दोघांनाही गप्प करतो. तिकडे कळंबला कोणी नुसतं बटण दाबून सोडलं, तरी ताई सांगायच्या, "कळंबवाले, सर्दी झाली वाट्टे. श्वास घ्यायचा आवाज आला." एकदा जपानच्या एका गृहस्थाशी तुटक्या इंग्रजीत बोलून त्यांनी त्याच्या घरी सकाळी काय शिजलं होतं ते काढून घेतलं, आणि त्याला आपल्या घरची ज्वारीची भाकर समजावून सांगितली. तो बिचारा तिकडून 'ओके, ओके' म्हणत राहिला.

आमचा आवडता खेळ लपाछपीचा. एक लहानसा यंत्र-डबा कुठेतरी लपवायचा. तो रेडिओवर सारखा टीं-टीं करत राहतो. बाकीच्यांनी हातात अँटेना घेऊन तो शोधायचा. कळंबला ताईंनी तो चिंतामणीच्या देवळाबाहेरच्या नारळवालीच्या टोपलीत लपवला. आम्ही चार बाप्ये अँटेना फिरवत तिच्याभोवती तासभर घिरट्या घालत होतो. शेवटी तीच म्हणाली, "काहून जी, केबलवाले हा का तुमी? आमच्या घरी काल्हपासून चित्रच नाई येत." ताई समोरच्या ओट्यावर बसून रसाचा ग्लास पीत होत्या. इतकं हसल्या की रस साडीवर सांडला.

आता झरी जामणीचं सांगतो. मला सांगायचं आहे ते हेच. इतकी वर्षं मी त्याच्या आसपासचंच सांगत आलो.

वर्षातून एकदा आम्ही दिवसभराचा सराव करतो. पूर आला, वारा सुटला, मोबाइल बंद पडले, असं धरून चालायचं आणि जंगलातल्या गावातला निरोप हातोहात यवतमाळला पोहोचवायचा. त्या वर्षी जिल्ह्याच्या कचेरीतले दोन साहेब यवतमाळला आमच्या सेटजवळ बसून निरोपाची वाट पाहणार होते. त्यांना पटलं तर क्लबाला अडीअडचणीच्या वेळी कामाला घेणार होते. ताईंच्या मनात हे फार वर्षांपासून होतं. सगळ्यात अवघड जागा त्यांनी स्वतःकडे घेतली. झरी जामणी तालुक्यातल्या एका गावामागची टेकडी. तिथून ताई, मग केळापूरला गुरुजी, मग कळंब, मग यवतमाळ.

टेकडीवर अँटेना नेण्याचं काम माझं होतं. पायथ्याशी मी नेहमीप्रमाणे गुडघा धरला. ताई म्हणाल्या, "आला का तुह्या गुडघ्याचा फोन?" आणि हार्डवेअरवाल्याला घेऊन वर चढल्या. सत्तरीच्या आसपासची बाई, झाडांच्या मुळांना धरधरून चढली.

मी खाली जीपमध्ये बसलो. ड्रायव्हर गप्पिष्ट होता. आम्ही पाय पसरले, आणि मी बोलू लागलो. माणसाला अनोळखी माणसाजवळ का बोलावंसं वाटतं कोण जाणे.

"गुडघ्याले काही झालं नाई रे," मी म्हटलं. "मले उंचीचं भेव वाटते. शिडीच्या तिसऱ्या दांड्यावर पाय लटपटतात. कोनाले सांगू नोको."

"मी कोनाले सांगतो जी! बुढी मात्र भारी हाय तुमची. सरसर गेली."

"भारी होती. आता कान गेले तिचे. परवा माह्या दोन हाका आयकल्या नाई. लोक तोंडावर बोलत नाई, पन कंट्रोलची खुर्ची सोडली पाहिजे आता."

"मंग तुमी बसा ना."

"मी कायले... आता सगळे म्हनलेच, तर बसावं लागन."

परवाच्या हाकांचं सांगतो. माझ्या हँडसेटची बॅटरी उतरली होती. तेव्हाही मला ते ठाऊक होतं.

मधेच टेकडीच्या माथ्यावर ताई उभ्या राहिलेल्या दिसल्या. त्या दोन्ही हातांनी पदर हलवत होत्या, जोरजोरात. "खुश हाय बुढी," ड्रायव्हर म्हणाला. मीही खिडकीतून हात बाहेर काढून हलवला.

बऱ्याच वेळानं पाणी प्यायला उठलो, तर मांडीखाली काहीतरी चटकलं. माझा हँडसेट सीटच्या फटीत रुतून बसला होता आणि त्याचं बटण दाबलेलं होतं. हात लावला तर तो इस्त्रीसारखा तापलेला.

तुमच्यासाठी उलगडून सांगतो. बटण दाबलेलं, म्हणजे माझा सेट बोलत होता आणि बहिरा होता. लहानसा हँडसेट, टेकडीआड. केळापूरपर्यंत त्याचा आवाज पोहोचणं शक्य नव्हतं. तो पोहोचत होता फक्त वर, माथ्यावर, ताईंच्या हेडफोनमध्ये. आणि जवळचा दांडगा आवाज लांबच्या आवाजाला पार गिळून टाकतो. तिकडे गुरुजी घसा कोरडा होईपर्यंत ताईंना हाका मारत होते. साहेब घड्याळ पाहत होते. आणि ताईंच्या कानांत मी होतो. नुसता मी.

संध्याकाळी ताईंच्या गच्चीवर सगळे जमलो. साहेब केव्हाच निघून गेले होते. गुरुजी चिडले होते, पण आवाज मऊ ठेवून म्हणाले, "ताई, मी किती बोलावून राह्यलो होतो तुमाले. उत्तर काहून नाई दिलं?"

हार्डवेअरवाला म्हणाला, "मी बाजूलेच होतो. हेडफोन लावून नुसत्या बसल्या होत्या. मंग उठून पदर हलवत सुटल्या. मले वाटलं, ऊन लागलं."

ताईंनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. माझ्या खिशात तो हँडसेट होता. मग त्यांनी सकाळी निघतानाच वाटीत काढून ठेवलेली कुडी उचलली आणि सगळ्यांसमोर डाव्या कानात घातली. फिरकी घट्ट बसवली.

"नाई आयकू आलं," त्या म्हणाल्या. "कान गेले माहे आता. पुढच्या रइवारपासून कंट्रोलले चष्मेवाला बसन."

मी तोंड उघडलं होतं, हे शपथेवर सांगतो. पण त्यातून बाहेर पडलं ते असं: "छे छे ताई, तुमीच बसा." आणि ते म्हणताना माझा आवाज थोडा वर गेला होता, खुशीनं. तो वर गेलेला आवाज मला अजून ऐकू येतो.

सेट माझ्या दुकानावरच्या खोलीत आला. सोबत ताईंनी ती वाटीही पाठवली. "राहू दे. नट-वायसर टाकाले कामी येईन."

ताईंनी माझे शब्द ऐकले नसतील, नुसती खरखर ऐकली असेल, असं मी स्वतःला समजावत होतो. ते काही महिनेच टिकलं. वादळात अँटेनाचा खांब मोडला. माझ्या गच्चीवर नवा उभा करायचा होता. हार्डवेअरवाला म्हणाला, "चढा चष्मेवाले, आता कंट्रोल हाय ना तुमी!" माझा हात गुडघ्याकडे गेला. ताई चहाची किटली घेऊन आल्या होत्या. गुडघ्याच्या फोनची वाट पाहत सगळे हसायच्या तयारीत होते. पण ताईंनी गुडघ्याचं नावच काढलं नाही.

"त्याले खालीच राहू द्या," त्या म्हणाल्या. "वर चढाले कोनीबी भेटते. खालचा दोर भरवशाचा मानूस धरते."

मी दोर धरला. भरवशाचा माणूस! तळहात सोलून निघेपर्यंत धरून ठेवला.

नंतर एकदा धीर करून मी त्यांच्या घरी गेलो. त्या पडवीत बसून शेंगा सोलत होत्या. मी खाली मान घालून सुरुवात केली, "ताई, त्या दिवशी झरीले, जीपमंधी..."

त्यांनी हात कानामागे नेला. "काय म्हनतं? आयकू नाई येत, बाप्पा."

मी आवाज चढवला. "मी म्हनतो, माह्या हँडसेटचं बटन..."

"नाई आयकू येत रे. म्हातारी झाली मी." शेंग फोडून दाणे माझ्या हातावर ठेवले. मग एकदम मान तिरपी केली, बोट वर केलं. "आत जाय. गुरुजी बोलावून राह्यले. उत्तर दे त्याईले."

मला काहीच ऐकू येत नव्हतं. आत गेलो. मागच्या खोलीत, गोधडीनं अर्धवट झाकलेला एक जुना सेट होता. त्याचा आवाज इतका बारीक ठेवलेला की कान टेकवावा लागला. केळापूरहून गुरुजी खरंच कोणी आहे का म्हणून विचारत होते. मी उत्तर दिलं. सेटशेजारी एक बशी होती आणि बशीत कुडी. बाहेर येऊन मी ताईंच्या कानाकडे पाहिलं. डावा कान मोकळा होता.

म्हणजे दर रविवारी त्या ऐकत होत्या. मी हजेरी घेताना चुकायचो, दोघांना एकदम बोलू द्यायचो, ते सगळं. कधी बटण दाबून एक शब्द बोलल्या नाहीत.

"दिलं का उत्तर?" त्यांनी विचारलं.

"दिलं."

"मंग झालं. शेंगा खाय."

या उन्हाळ्यात ताई गेल्या. झोपेत गेल्या, फार कोणाला तोशीस न देता. आमच्यात रीत आहे. गेलेल्या माणसाची खूण पुढच्या हजेरीत एकदा पुकारायची, बटण सोडायचं आणि सगळ्यांनी मिनिटभर नुसतं ऐकायचं. त्या रविवारी मी किलोताईंना हाक मारली. बटण सोडलं. सूं असा आवाज येत राहिला. समोर वाटी होती, नट-वायसरांनी भरलेली.

मिनिट झाल्यावर पुढचं नाव घ्यायचं असतं. मी ते घेतलं नाही. बटण दाबलं आणि सांगितलं. जीप, मांडी, तापलेला हँडसेट. ताईंचे कान शेवटपर्यंत शाबूत होते हे, आणि मी त्यांच्याविषयी काय काय बोललो तेही. उंचीच्या भीतीसकट सगळं. मग बटण सोडलं.

शेवटी गुरुजींचा आवाज आला, जपून पाऊल टाकल्यासारखा. "चष्मेवाले, तुमचं बटन चुकून दबलं असन. आमी कोनी काही आयकलं नाई."

ताईंचाच धडा, चुकून आयकलेलं आयकलेलं नसते. त्याच्या आड मी फार वर्षं निभावून नेलं होतं.

मी पुन्हा बटण दाबलं. "नाई गुरुजी," म्हटलं, "या वेळी मी दाबून धरलं होतं."

आणि सोडलं. ऐकत बसलो.