पोट सोसेचं, दुखणं पेनिनाचं

पेनिना आणि सोसे या दोघी बहिणी ऑस्ट्रेलियात, ब्रिस्बेनजवळच्या लोगनमध्ये एकाच घरात राहायच्या, एकाच चर्चमध्ये गायच्या आणि एकमेकींचेच कपडे घालायच्या. सामोआ बेटांवरून आईबाप इकडे आले तेव्हा पेनिना शाळेत जात होती, सोसे कडेवर होती. दोघी अंगाने थोराड. गाणाऱ्यांच्या मागच्या बाकावर या दोघी बसल्या की तिसरीला जागा उरत नसे, आणि त्यावर सगळ्यांत मोठ्याने त्याच हसत.

मग डॉक्टरांनी दोघींची साखर बघून कपाळाला आठ्या घातल्या. गुडघे तर आधीच बोलायला लागले होते. पेनिना एका वृद्धाश्रमाच्या धुणीघरात कामाला होती. तिथल्या एकीने जठर कापून लहान करून घेतलं होतं. पेनिनाने सगळी माहिती काढली आणि नको नको म्हणणाऱ्या सोसेला ओढत दवाखान्यात नेलं. "तू नाही आलीस तर मी एकटी बारीक होईन हं, मग रडू नकोस," असंही वर ऐकवलं.

सरकारी इस्पितळात नंबर लागायला वेळ गेला. पेनिनाचा नंबर आधी आला. ऑपरेशनच्या सकाळी सोसेने तिला गाडीतून दारापर्यंत सोडलं. पेनिना पिशवी घेऊन उतरली, काचेच्या दारापर्यंत गेली आणि उलट पावली येऊन गाडीत बसली.

"काय गं? काय विसरलीस?"

"काही नाही. घरी चल. देवाने मला जशी घडवलीय तशी मी बरी आहे."

सीटबेल्ट तिला लागेना. सोसेने तो लावून दिला आणि गाडी वळवली. पण सोसेचा नंबर आला तेव्हा ती गेली, आणि पोट कापून घेऊन आली.

त्या दिवसापासून पेनिनाच्या पोटात दुखायला लागलं.

सोसे वितळत गेली. आधी गालांचं हाड दिसलं, मग मनगट, मग मान. गोदामात फोर्कलिफ्ट चालवायची ती, तर तिथले लोक म्हणे तिला नवीन बाई समजले. तिचे कपडे पेनिनाला येईनात, आणि पेनिनाचे तिच्यावर खुंटीला टांगल्यासारखे दिसू लागले. रविवारी चर्चबाहेर बायका तिच्याभोवती घोळका करायच्या. "सोसे, वळून दाखव गं!" सोसे लाजत वळायची. पेनिना बाजूला पांढरी टोपी सावरत उभी. कुणीतरी आठवण झाल्यासारखं तिच्याकडे बघून म्हणायचं, "आणि तू कशी आहेस, पेनिना?" तो 'आणि' तिला सुईसारखा टोचायचा.

घरी तर आणखीच. बहीण एका बशीत चार घास घेते, चावून चावून खाते आणि उठते. पेनिना समोर नारळाच्या दुधात शिजवलेली अळूची पानं वाढून घेत असते. कुणी काही बोलत नाही. पण पेनिनाला वाटायचं, त्या लहानशा बशीनेच आपल्याला मोठ्याने काहीतरी सुनावलं.

अशात आईची सत्तरी आली. चर्चचं सभागृह घेतलं, ब्रिस्बेनपासून सिडनीपर्यंतची माणसं येणार होती. अशा कार्याचा शेवट ताउआलुंगा नाचाने व्हायचा. बापाला सामोआतल्या गावच्या प्रमुखाची पदवी होती, त्यामुळे तो शेवटचा नाच त्यांच्या घरातल्या मुलीचाच, आणि इतकी वर्षं तो पेनिनाच नाचत आली होती. एवढा देह, पण नाचायला लागली की पाण्यावर पान तरंगावं तशी. तिची बोटं बघायला लोक पुढे सरकून बसायचे.

आंटी तालोसांगा ही बापाची बहीण. घरात तिचा शब्द शेवटचा. तिने अळकुड्या सोलता सोलता सांगून टाकलं, "या वेळी सोसे नाचू दे. आता तिला पोशाख शोभेल."

"पण आंटी, तिला कुठे येतं?"

"तू शिकव की. तुझे गुडघे तरी सुटतील."

पेनिना हसली. हसण्यावाचून करणार काय? रात्री जेवण गेलं नाही असं मात्र झालं नाही. उलट दोन वेळचं जेवली.

ती गॅरेजात सोसेला शिकवू लागली. आणि तिथेच तिला ते दिसलं. सोसेचा काळा सदरा, त्याच्या पाठीवर केसच केस. दुसऱ्या दिवशी न्हाणीघराच्या जाळीत एवढा गुंता, की पाणी तुंबलेलं. सोसेचा अंबाडा मात्र होता तेवढाच दिसत होता. मग एकदा नाचात हात वळवताना सोसेचं एक चिकटवलेलं लांब नख उडून पडलं. खालचं खरं नख पेनिनाने जवळून पाहिलं. माशाच्या खवल्यासारखं पातळ, टोकाला पापुद्रे सुटलेले, मधून उभं चिरलेलं.

"हे काय?"

"कापडाला अडकलं तरी तुटतात," सोसे हात मागे लपवत म्हणाली. "आईला सांगू नकोस."

"आणि केस?"

सोसेने गॅरेजचं दार ओढून घेतलं. मग म्हणाली, "मूठमूठ जातात. अंबाडा विकतचा आहे. कुणाला सांगू नकोस, पेनिना. तुझ्यावाचून कुणाला माहीत नाही."

पेनिनाने तिच्या खांद्यावर हात ठेवला. तोंडाने "अरेरे" म्हणाली. पण आत तिला उकळ्या फुटत होत्या. त्या संध्याकाळी तिने आपले केस सोडले, कमरेखाली आलेले, खोबरेल तेल लावून सावकाश विंचरले आणि आरशासमोर बराच वेळ बसली.

गुपित तिच्या पोटात फार दिवस टिकलं नाही. रविवारी चर्चच्या स्वयंपाकघरात बायका सोसेच्या कंबरेचं कौतुक करत होत्या. पेनिना भांडी विसळत होती. ती न वळताच म्हणाली, "देवाने दिलेलं पोट कापलं की देव डोक्यावरचं परत नेतो म्हणे. अंबाडा ओढून बघा, हातात येईल."

एक-दोघी फिसकन हसल्या. पेनिनाला गार गार वाटलं. ते वाक्य दुपारच्या जेवणाआधी पंगतभर फिरून आलं.

पुढच्या तालमीला सगळ्या बायका जमल्या होत्या. सोसे मधोमध नाचत होती. आंटी तालोसांगा उठली. तिच्या मनात वाईट नसावं. म्हातारी नेहमीच हाताने बघणारी. "बघू तरी खरं काय ते," म्हणत तिने सोसेच्या डोक्याला हात घातला. अंबाडा काट्यांसकट तिच्या हातात आला.

खाली सोसेचे स्वतःचे केस होते, उंदराच्या शेपटीएवढे. कपाळावरून मागे टाळू चमकत होती.

गाणं थांबलं. कुणी हसलं नाही. सोसेने आंटीच्या हातातून तो अंबाडा घेतला, खिशात कोंबला आणि पेनिनाकडे पाहिलं. फक्त पेनिनाकडे.

"गाणं म्हण की," ती म्हणाली. "अर्धंच राहिलंय."

पेनिनाने तोंड उघडलं, पण सूर लागेना. दुसऱ्या कुणीतरी गाणं उचललं आणि सोसेने नाच पुरा केला.

दोघी गाडीने घरी आल्या. अंगणात उतरल्यावर सोसे म्हणाली, "आंटीला मी एवढासाही दोष देत नाही."

"मी काही मुद्दाम..."

"मुद्दामच. खोटं बोलू नकोस, तुला येत नाही. इस्पितळाच्या दारातून तू परत आलीस, तेव्हा मी कुणाला सांगितलं का, की पेनिना घाबरली? सगळ्यांना सांगितलं, देवाची इच्छा नव्हती. आजपर्यंत तेच सांगते."

पेनिनाला ठाऊक होतं. 

"आईच्या सत्तरीला तूच नाच," सोसे म्हणाली. "मला हौस राहिली नाही."

इथे पेनिनाने नको म्हणायला हवं होतं. तिला कळत होतं तसं. पण तोंडून निघालं, "बरं." आणि ते इतक्या पटकन निघालं, की सोसेला त्याही अवस्थेत हसू आलं.

दोन-तीन दिवसांनी सोसे कामावर फोर्कलिफ्टवरून उतरताना घेरी येऊन खाली बसली. तिला आणायला पेनिनाच गेली. तिथून थेट इस्पितळाच्या आहारतज्ज्ञ बाईंकडे. कोलीन त्यांचं नाव. पेनिना पुन्हा त्याच काचेच्या दारातून आत गेली, या वेळी दुसरीचा हात धरून.

कोलीनने सोसेची नखं दाबून पाहिली, पापण्या ओढून पाहिल्या, रक्त तपासायला पाठवलं. "इतक्या झपाट्याने वजन उतरलं की केस गळतातच," ती म्हणाली. "शरीर घाबरतं. मुळं जिवंत असतात, परत येतात. पण तुझं लोह फार खाली गेलंय. गोळ्या घेतेस का?"

"उलटी होते. सोडल्या."

"आणि जेवणात काय?"

सोसे पुटपुटली, "चहा. बिस्किटं. कधी सूप."

"मासे? अंडी? कोंबडी?"

सोसेने तिन्हींना नकारार्थी मान हलवली. मग एकदम म्हणाली, "टेबलावर बसलं की सगळे माझ्या बशीकडे बघतात. ही तर..." तिने पेनिनाकडे बोट केलं, "ही माझा प्रत्येक घास मोजते. मला गिळवत नाही."

कोलीनने पेनिनाकडे पाहिलं. पेनिनाने भिंतीवरच्या भाज्यांच्या चित्राकडे.

गोळ्या बदलून मिळाल्या, लोहाची सलाइन लागली. घरी पेनिनाने न सांगता एक सुरू केलं. सकाळी कामाला जाण्याआधी ती मासा वाफवून, काटे काढून, नारळाच्या दुधाच्या चमचाभर रसात कुस्करून झाकून ठेवायची आणि स्वतः बाहेर निघून जायची, म्हणजे सोसेला एकटीला खाता यावं. माफी वगैरे तिने मागितली नाही. तिला ते जमायचं नाही. सोसेनेही बशी धुऊन पालथी घालण्यापलीकडे काही म्हटलं नाही.

सत्तरीच्या दिवशी सभागृह फुलांनी आणि माणसांनी भरून गेलं. शेवटी पेनिना उठली. अंगाला तेल, कपाळावर शिंपल्यांची पट्टी, पाठीवर मोकळे केस. लोकांनी आरोळी दिली. तिने बोटं उचलली आणि सभागृह शांत झालं. हाच क्षण तिला हवा होता.

तेवढ्यात मागून आरडाओरडा झाला. ताउआलुंगा नाचणारीच्या आजूबाजूला बाकीचे वेडेवाकडे नाचतात, जमिनीवर लोळतात, म्हणजे मधली आणखी देखणी दिसावी. हे काम नेहमी काका लोकांचं. या वेळी उडी घेऊन आली ती सोसे. अंबाडा नाही, चिकटवलेली नखं नाहीत. डोक्यावर ते चार केस, आणि ती बेडकासारख्या उड्या मारत, छाती पिटत, आरोळ्या ठोकत पेनिनाभोवती फिरू लागली. पेनिनाच्या पायाशी तिने जमिनीवर लोळण घेतली. लोक हसून हसून बेजार. आईने तर डोळे पुसत टाळ्या पिटल्या. आंटी तालोसांगा काठी टाकून उभी राहिली.

पेनिनाने चेहऱ्यावरचं मंद हसू ढळू दिलं नाही, ते ढळायचं नसतंच. पण आत तिची आग झाली. इथेही हीच! मधोमध मी आणि बघतायत हिला!

रात्री जेवणं आटोपल्यावर एका भाचीने फोनवर काढलेला नाच दाखवला. पेनिना खुर्ची ओढून बसली, आधीच चिडलेली. पण चित्रात सोसे लोळत होती ती क्षणभरच. लोकांचं हसून झालं की नजरा वर यायच्या, पेनिनाच्या हातांवर. आई तर पूर्ण वेळ तिच्याकडेच बघत होती. आणि एके ठिकाणी सोसे गुडघ्यांवर बसून श्वास घेत होती, तेव्हा तिची नजर वर, पेनिनाच्या पाठीवरच्या केसांवर खिळलेली. पेनिनाने ती नजर ओळखली. कशी ओळखणार नाही? वर्षभर ती तिच्या स्वतःच्याच चेहऱ्यावर होती.

तिने फोन भाचीला दिला आणि मागच्या दारी गेली. सोसे पायरीवर बसून कोंबडीचा तुकडा बारीक तोडून खात होती. पेनिना शेजारी बसली.

"जळतेस माझ्यावर?" पेनिनाने विचारलं.

"केसांवर," सोसे म्हणाली. "बाकी तुझ्यात काय ठेवलंय?"

"मी तुझ्यावर सगळ्यावरच जळते."

"माहितीये. चर्चमध्ये सगळ्यांना माहितीये." सोसेने घास नीट चावून गिळला. "तू परत नंबर लावणारेस का?"

"नाही. माहीत नाही. विचारू नकोस."

मग दोघी हसल्या, जुन्यासारख्या नाही, पण हसल्या.

पुढे थंडी सरता सरता सोसेच्या टाळूवर बारीक लव आली. नखंही मुळाकडून जाड येऊ लागली. टोकाचा पापुद्र्यांचा भाग ती कापत गेली. वर्षभरात केस आले ते मात्र पहिल्यासारखे सरळ नाहीत, बारीक कुरळे. जुने चार लांब तिने काढून टाकले आणि कानापर्यंत छान छोटे कापून घेतले. पहिल्या रविवारी ती तशी चर्चला गेली तर पोरी तिच्याभोवती जमल्या. "कुठे कापलेस? आम्हालाही सांग ना!" गोष्ट इतकी पसरली, की महिन्याभरात गाणाऱ्यांतल्या तिघींनी केस कापले.

पेनिना बाजूला उभी होती. मानेवर भर उन्हात स्वतःचा जड अंबाडा, तेलाने चिकट, घामाने भिजलेला.

"आणि तू कशी आहेस, पेनिना?" कुणीतरी विचारलं.

"जळतेय," पेनिना म्हणाली. "दुसरं काय? चला, जेवायला बसा, अळकुड्या गार होतायत."