मेलेल्यांची राखण

"चाल भो, चालता चालता बोल," म्हणत अक्का काठीचं टोक माझ्या कोपराला लावायची, आणि मी सरकारी पशुधन पर्यवेक्षक असूनही मेंढरासारखा निमूट चालू लागायचो. ती साक्रीकडची ठेलारी, मेंढरं घेऊन गावोगाव फिरणारी. दर हिवाळ्यात तिचा कळप अमळनेरच्या बाजूला, पांझरेकाठी उतरायचा. तिला बसून बोलताना तुम्ही कुणी पाहिलं असेल, तर मला सांगा.

एकदा लसीकरणात मेंढी निसटली आणि सुई माझ्याच मांडीत घुसली. अक्का पोट धरून हसली. "आते तुले रोग व्हवाव नही!" त्या दिवसापासून गावात मी 'टोचलेला साहेब'.

मग ती गारपीट झाली. शेतमालकाच्या फोनवरून अक्का बोलली. मेंढ्या मेल्या होत्या. मी ऐटीत नियम ऐकवले. गुरांचे डॉक्टर आणि तलाठी यांच्या पंचनाम्याशिवाय सरकारी मदत नाही. मेलेली पुरायची नाहीत. कुत्र्यांनी ओढली तर पुरावा गेला. पंचनाम्यावर अंगठा द्यायला मेंढ्यांचा मालक जागेवर हजर पाहिजे.

"हलू नका, आम्ही आलोच!"

हा 'आलोच' म्हणणारा मी दिवस कलताना पोचलो. मोटारसायकल काळ्या चिखलात रुतली होती आणि एक बूटही तिथेच राहिला होता.

अक्का चक्क बसली होती. पुढ्यात घोंगड्यांखाली मेलेली मेंढरं, भोवती कुत्र्यांचं कडं. बाकीचा कळप दिसेना.

"जित्ती पल्याड धाडी दिन्ह्यात," ती म्हणाली. "मरेलास्ले राखाले मी शे."

नदीपलीकडे तिची सून एकटी होती, तान्ही कोकरं घेऊन. आभाळ पुन्हा भरून आलं होतं. वर साक्रीकडे पाऊस झाला असावा, कारण नदी गढूळ होऊन फुगत होती.

"डॉक्टर कव्हय येतीन?"

"निघालेत," मी ठोकून दिलं. डॉक्टरांचा फोन लागत नव्हता, तलाठ्याचाही नाही.

पाण्यातला एक दगड दिसेनासा झाला. अक्का उठली आणि काठी माझ्या हातात दिली.

"बस आठे."

"अक्का, मालक लागतो! अंगठा लागतो! सगळी मदत बुडेल!"

"सून एकली शे," एवढंच म्हणून ती पाण्यात शिरली. गुडघा, मांडी, कंबर. मी बघत होतो, तेवढ्यात एका कुत्र्यानं घोंगडीखालचा पाय धरला. मी एका बुटानिशी काठी फिरवत धावलो. वळून पाहिलं तेव्हा ती पलीकडची दरड चढत होती.

दिवेलागणीला डॉक्टर आणि तलाठी आले. चिखलानं माखलेला मी राखणीला बसलेलो.

"मालक कुठंय?" डॉक्टरांनी विचारलं.

मी बोट दाखवलं. मधल्या पाण्यात आता कुणी उतरलं नसतं. डॉक्टर तोंडाशी हात धरून ओरडले, "अक्का, अंगठाऽऽ!"

पलीकडून तिनं काखेतलं कोकरू सावरलं आणि उजवा अंगठा वर केला.

"हाऊ ल्या!"

आणि कळपात मिसळून गेली.

पाणी ओसरेपर्यंत कळप लांब निघून गेला होता. अंगठ्याची जागा कोरी, म्हणून प्रकरण परत आलं. पुढच्या हिवाळ्यात तिचा कळप आमच्याकडे उतरला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. दुसरे ठेलारी भेटले की मी विचारतो. शाईचा पॅड माझ्या पिशवीत असतो. एकदा वाळला. नवा घेतला.