दुर्बिणीचा पट्टा

काटेसावर पानं टाकून लाल फुलांनी भरली, की आमच्या टेकडीवर भोरड्यांचे थवे उतरतात. लहानपणी वडील, आमचे अण्णा, मला ते दाखवायला न्यायचे. दुर्बीण एकच, आणि तिचा पट्टा ते गळ्यातून कधी काढत नसत. मला दिसावं म्हणून खाली वाकायचे. मग गालाला गाल लागायचा, दाढीचे खुंट टोचायचे.

"अण्णा, काढून द्या ना," मी कुरकुरायचे.

"पडेल," एवढंच म्हणायचे.

त्या भोरड्या आता धूसर झाल्यात, खुंट मात्र अजून टोचतात.

आज त्याच सावरीखाली नात म्हणाली, "आजी, दुर्बीण दे ना." पट्टा काढायला वर गेलेला हात मी तसाच खाली घेतला.

"पडेल," मी म्हटलं. "जवळ ये."