न झटकलेला पारा

आमच्या वन्संना, म्हणजे यांच्या धाकट्या बहिणीला, गल्लीतली मुलं ‘पारा आत्या’ म्हणत. पाणीपुरवठा केंद्राच्या आवारात शहराच्या हवामानाची नोंद घ्यायची, ही त्यांची नोकरी. कुंपणाच्या आत जेमतेम दहा पावलांची हिरवळ, तिच्यावर चार पायांची पांढरी झडपांची पेटी, पेटीत दोन-तीन थर्मामीटर आणि बाजूला पाऊस मोजायचं नळकांडं. सकाळी साडेआठला पेटीचं दार उघडायचं म्हणजे उघडायचंच. आमच्या लग्नाच्या दिवशी सगळे त्यांच्यासाठी खोळंबले होते. त्या नऊला आल्या, पेन हातात तसंच.

‘हिला स्थळ आलं तर साडेआठनंतर या म्हणून सांगेल,’ असं हे म्हणायचे.

‘कुणी साडेआठनंतर आलं असतं तर केलंही असतं,’ हे त्यांचं उत्तर.

लग्न काही झालं नाही. एकतीस वर्षं नोकरी झाली, आणि त्या एकतीस वर्षांत वहीतला एक चौकोन रिकामा राहिला नाही. हे त्या स्वतः कधी सांगत नसत. मीच शेजारणींना सांगायचे. म्हणून आता पुढचं लिहायला हात जड होतो.

त्या आजारी पडल्या तर ऑफिसकडे बदली माणूस नव्हता. घरातल्या कुणाला तरी शिकवून ठेवा, असं साहेबांनीच सांगितलेलं. घर केंद्राच्या फाटकासमोर, तेव्हा मला शिकवलं. डोळा पाऱ्याच्या पातळीला आणायचा, श्वास काचेवर पडू द्यायचा नाही, आधी दशांश वाचायचा, मग पूर्ण अंश. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे झटकणं. दिवसातलं सगळ्यात जास्त तापमान दाखवतो तो थर्मामीटर आपल्या तापाच्या थर्मामीटरसारखाच असतो. पारा चढला की तिथंच थांबतो. वाचून झालं की घट्ट धरून, हात लांब करून झटकायचा, म्हणजे पारा उतरतो आणि पुढच्या दिवसासाठी मोकळा होतो.

‘आणि फुटला तर?’ मी विचारलं.

‘फुटला तर नवा येईल. झटकला नाहीस तर कालचाच दिवस आज लिहिशील, वहिनी.’

एका उन्हाळ्यात त्यांचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. त्या दवाखान्यात, मी पेटीपाशी. पहिल्या सकाळी वाचलं त्रेचाळीस अंश आठ. थर्मामीटर काढला, हात उगारला, तोच त्याचं टोक पेटीच्या दाराला टक्कन लागलं. फुटला नाही, पण पुन्हा हात उगारायचा धीर झाला नाही. पारा होता तिथंच. तसाच परत ठेवला. उद्या झटकीन म्हटलं. उद्याही धीर झाला नाही, आणि परत लिहिलं त्रेचाळीस अंश आठ.

तिसऱ्या दिवशी दुपारी आभाळ भरून आलं, सरी पडल्या. चौथ्या सकाळी नळकांड्यात सहा मिलिमीटर पाणी निघालं. तेही मी इमानेइतबारे लिहिलं. अंगाला गारवा लागत होता आणि हात लिहीत होता त्रेचाळीस अंश आठ. मला काय कळत नव्हतं का? कळत होतं. पण खरं किती, ते सांगायला आता काहीच उरलं नव्हतं. पाचव्या सकाळी नोंद केल्यावर, त्या घरी यायच्या म्हणून, मी हिरवळीवर फतकल मारून बसले, मांडीवर चादरीची घडी घेतली आणि झटकला. तीन झटक्यांत पारा सरसर खाली. एवढंच तर होतं.

संध्याकाळी वन्संनी पलंगावरच वही मागितली. बोट रकान्यावरून खाली आलं.

‘पाचही दिवस सारखंच? झटकत होतीस ना, वहिनी?’

‘हो तर.’

‘मग ठीक आहे,’ म्हणाल्या, आणि पानाखाली सही केली. स्वतःची.

तेव्हापासून देवासमोर हात जोडले की मी सगळ्यांसाठी मागायचे, क्षमा तेवढी मागत नसे. ती आधी वन्संकडे मागायला हवी, हे मला ठाऊक होतं, आणि देवालाही.

एकोणीस वर्षं गेली. वन्सं निवृत्त झाल्या, हे गेले, घरात आम्ही दोघीच उरलो. मागच्या महिन्यात विद्यापीठातल्या एक बाई आल्या. शहराचं साठ वर्षांचं ऊन आणि पाऊस त्या एकत्र मांडत होत्या. लॅपटॉपवर रेषा दाखवल्या. कडक उन्हाचे दिवस दर दहा वर्षांनी वाढत चाललेले. पावसाचे दिवस कमी होत चाललेले, पण पडतो तो एकदम कोसळतो.

‘नाले किती रुंद करायचे, उन्हाळ्यात शाळा कधी सोडायच्या, हे सगळं यावरून ठरणार आहे,’ बाई म्हणाल्या. ‘आणि यातली एकतीस वर्षं तुमच्या हातची आहेत, ताई. अहवालात पहिले आभार तुमचेच.’

‘आभार पाऱ्याचे माना. मी नुसती वाकून बघत होते.’

बाई हसल्या. मग त्यांनी एक पान उघडलं. ‘हे एवढं एकच विचारायचं होतं. सलग पाच दिवस त्रेचाळीस अंश आठ. शहरातली सगळ्यात लांब उष्णतेची लाट ठरते आहे ही. पण मधेच पाऊस आहे, आणि सकाळचं तापमानही सहा अंशांनी उतरलंय.’

वन्संना बघावंही लागलं नाही. ‘तेव्हा मी दवाखान्यात होते. वहिनीनं नोंद घेतली. मी विचारलं होतं तिला. झटकलं म्हणाली, म्हणजे झटकलं. तिच्या शब्दाला मी जामीन आहे.’

‘मग राहू देते,’ बाई म्हणाल्या.

मी पाण्याचे ग्लास घेऊन दारात उभी होते. ग्लास ठेवले, आणखी काही हवंय का विचारलं, आणि बाईंना फाटकापर्यंत पोचवूनही आले.

वन्सं वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या. तिथं जाऊन म्हटलं, ‘मी झटकलं नव्हतं.’

त्यांनी हातातल्या टॉवेलची घडी पुरी केली. ‘एकही दिवस?’

‘शेवटची सकाळ सोडून.’

‘मला काय सांगतेस? बाईंना सांग. फोन तिथं आहे.’

बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मी एकूण किती दिवस नोंदी घेतल्या, एवढंच त्यांनी विचारलं. वन्सं शेजारून म्हणाल्या, ‘सव्वीस.’

‘मग ते सव्वीसही मला कोरे धरावे लागतील,’ बाई म्हणाल्या. ‘बाकीचे खरे असतीलही. पण कुठला खरा, हे ओळखायला माझ्याकडे साधन नाही.’

बाकीचे खरे आहेत, असं मी म्हटलं. त्या ‘हो’ म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

वन्संनी कपाटातून वह्यांच्या प्रती काढल्या. चष्मा लावला, पट्टी घेतली. ‘तारखा तू वाच. मी रेघ मारते.’

आधी त्या पाच तारखा वाचल्या. मग एका हिवाळ्यातल्या सात, त्यांच्या मावशीच्या आजारपणातल्या. मग ज्या पावसाळ्यात त्या तापानं फणफणल्या होत्या, तो. तिथं एका चौकोनावर मी बोट ठेवलं. त्या चौकोनात दोनशे बारा मिलिमीटर लिहिलेलं होतं, त्यांच्या एकतीस वर्षांतला सगळ्यात मोठा पाऊस. रस्त्यावर गुडघाभर पाणी होतं. नळकांडं भरून वाहायला नको म्हणून मी तीनदा जाऊन ते मोजून रिकामं केलं होतं. ओल्या कागदावर शाई टिकत नव्हती, म्हणून दर वेळचा आकडा तोंडानं घोकत घरी आले होते.

‘वन्सं, हा पाऊस खरा होता.’

‘असेल,’ त्या म्हणाल्या. पट्टी सरळ केली आणि त्या आकड्यावरून रेघ ओढली. मग पेन हातात धरून थांबल्या.

‘पुढची तारीख, वहिनी.’

मी वाचली.