डाव्या बारवरची खूण

आमचा धंदा लग्नकार्याला भांडी भाड्याने देण्याचा. गिरगावात एका वाडीच्या तोंडाशी गाळा, आणि त्यात जमिनीपासून छतापर्यंत पातेली, पराती, झारे, पिंपं. वडिलांनी तो सुरू केला, मी सत्तरी ओलांडेपर्यंत चालवला. या धंद्यात बाहेर गेलेलं भांडंच परत येईल याची खात्री नसते. जाड बुडाचं पातेलं जातं, त्याच मापाचं पातळ बुडाचं येतं, आणि आचारी म्हणतो, हेच होतं. म्हणून प्रत्येक भांड्यावर आमचं नाव घातलेलं असायचं. नावाखेरीज मी काठाच्या आतल्या अंगाला, कोणाच्या नजरेस पडणार नाही अशी, माझी स्वतःची एक फुली मारून ठेवायचो. नाव घासून काढता येतं. जी खूण आहे हेच ठाऊक नाही, ती कोण काढणार?

पुढे ही सवय भांड्यांपुरती राहिली नाही. छत्रीच्या दांड्यावर फुली, गॅसच्या सिलिंडरवर फुली, देवळाबाहेर काढून ठेवायच्या चपलांवर फुली. बायको म्हणायची, "अहो, माझ्यावरही एक मारून ठेवा. माहेरी गेले की बदलून पाठवतील."

हे सांगायचं कारण एक मेकॅनिक आहे. त्याच्याबद्दल काही वर्षांपूर्वी मी परळच्या नाक्यावर, भाड्याची वाट बघत उभ्या असणाऱ्या पिकअपवाल्यांना, जे सांगितलं ते खोटं होतं. ते लोक अजून तिथेच उभे असतात आणि अजून तेच सांगतात.

आमची पिकअप तेव्हाच जुनी झाली होती. तिचं नाक खाली बसलं होतं. रिकामी उभी असली तरी पुढे वाकून काहीतरी शोधत असल्यासारखी दिसायची. गतिरोधकावर बंपर घासायचा, दिवे समोरच्या रस्त्याऐवजी चाकांपुढची जमीन उजळायचे, आणि ब्रेक मारला की मागची सगळी पातेली घसरत येऊन केबिनवर आदळायची. मी ती लालबागला त्या मेकॅनिककडे नेली. मालवणकडचा, वरळीच्या बीडीडी चाळीत राहणारा, चाळिशीचा माणूस. एका गल्लीत भाड्याच्या शेडमध्ये एकटाच काम करायचा.

तो गाडीखाली सरकला आणि तिथूनच म्हणाला, "काका, टॉर्शन बार बसलेत."

मग बाहेर येऊन त्याने समजावलं. मागच्या चाकांना पाट्यांची स्प्रिंग असते. पुढच्या चाकांना या गाडीत स्प्रिंगच्या जागी दोन लांब पोलादी दांडे आहेत, दोन्ही बाजूंना एकेक. दांड्याचं एक टोक चाकाकडे, दुसरं, दातेरी टोक मागे एका पकडीत, आणि त्या पकडीला बोल्ट. पंचा पिळतो तसा दांडा पिळलेला असतो, त्या पिळावर गाडीचं नाक उभं असतं. वर्षानुवर्षांच्या वजनाने पीळ सैलावतो. बोल्ट आवळला की नाक वर.

"मग आवळ की बोल्ट," मी म्हटलं.

"बोल्ट आधीच आवळून संपलोहा. पकड गंजान धरलेली. बार बाहेर काढून, साफ करून एक दात पुढे बसवूक लागतले."

मला तिथेच शंका आली. काम बोल्ट आवळण्याचं, मग दांडे बाहेर कशाला? दांडे बाहेर आले की माझे चांगले कोणाच्या गाडीत जातील आणि भंगारातले माझ्या गाडीत येतील. वरून चिखल-ग्रीस फासलं की मला काय कळणार? मी एक डबा उपडा घातला आणि समोर बसलो.

"काका, वेळ लागात. जावन येवा."

"असू दे. मला घाई नाही."

मला घालवायला बघतोय, असं मनात आलं.

दुपारपर्यंत दोन्ही दांडे बाहेर आले. त्याने ते गोणपाटावर ठेवले, रॉकेलने पुसले आणि अंगठा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला. "बार झकास आहेत तुमचे. टाकायचे नाहीत." दुसऱ्या कोणाला ही चांगली बातमी वाटली असती. मी हिशोब केला की चांगले आहेत म्हणजे याला हवे आहेत.

तो नवीन बोल्ट आणायला गल्लीच्या टोकाला गेला. त्याच्या पेटीत तिकोनी कानस होती. मी ती घेतली आणि डाव्या दांड्यावर मधोमध फुली घासली. पोलाद चिवट होतं, कानस घसरत होती. उथळ खूण गंजून नाहीशी होईल म्हणून जोर लावून नख अडेल एवढी खोल केली, वर ग्रीस फासलं. उजव्याकडे वळणार तोच तो परत आला.

त्याने माझ्या काळ्या बोटांकडे पाहिलं. "काका, हात लावलात काय?"

"बघत होतो, जड किती आहेत."

"नुसतो हात लावा, काय हरकत नाय. पण काय घासू नका हां. ह्येच्यार ओरखाडो पडाक नको. पिळाचा काम आसा, ओरखाड्यातनाच फुटता."

तेव्हा बोललो असतो तर प्रकरण तिथेच संपलं असतं. नवा दांडा घातला असता, थोडी चेष्टा झाली असती. पण मला वाटलं, खुणेची याला एवढी भीती का? बदलायचाच विचार असणार.

"मी कशाला घासू?" मी म्हटलं.

त्याने दांडे बसवले, दोन्ही बोल्ट सारखे आवळले, दोन्ही बाजूंना चाकाच्या मध्यापासून मडगार्डपर्यंत टेप लावून मोजलं. गाडी गल्लीला एक फेरी मारून आणली, कारण आवळल्यावर ती पुन्हा थोडी बसते, आणि परत मोजलं. नाक सरळ झालं होतं. मी म्हटलं, "अजून थोडी चढव की."

"नाय काका. जास्त चढवली तर गाडी उडाक लागतली, खालचे सांधे खायत. इतकीच बरी." मग दिवे नीट करून दिले आणि चाकांचं अलाइनमेंट करून घ्यायला बजावलं.

घरी जाण्याआधी मी रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून तिच्याखाली वाकलो. फुली जागेवर होती. मला हायसं वाटायला हवं होतं. मला वाटलं, खूण दिसली म्हणून बदलले नसतील.

काही महिन्यांनी वडाळ्याला एका हॉलवर भांडी पोहोचवायची होती. मी ड्रायव्हरशेजारी बसलो होतो. वळणावर खालून फटाका फुटल्यासारखा आवाज झाला आणि गाडी डाव्या चाकावर बसली. कोणाला लागलं नाही. जवळच्या गॅरेजवाल्याने वाकून पाहिलं आणि दुसऱ्याचं काम बघताना सगळे मेकॅनिक विचारतात तेच विचारलं, "आगे से किसने उठाया था?"

मी लालबागच्या माणसाबद्दल सांगितलं. "ज्यादा कस दिया होगा," तो म्हणाला.

त्याने दांड्याचे दोन तुकडे माझ्या हातात दिले. गाळ्यात आल्यावर मी ते पुसले. दांडा माझ्या फुलीतूनच तुटला होता. अर्धी फुली एका तुकड्यावर, अर्धी दुसऱ्यावर. तुटलेला भाग खुणेपाशी काळपट, गंजलेला होता आणि पुढे ताजा, चकचकीत. म्हणजे चीर तिथूनच आत सरकत गेली होती. मला समजलं. मी तुकडे गोणपाटात गुंडाळून पोटमाळ्यावर टाकले.

दुसऱ्या दिवशी परळच्या नाक्यावर भाड्याची गाडी बघायला गेलो, तेव्हा पिकअपवाल्यांनी विचारलं, "काय काका, तुमची कुठे गेली?"

"त्या लालबागवाल्याने बोल्ट इतका पिळला की बारच तुटला. मला आधीपासून संशय होता त्याचा."

हे शेवटचं वाक्य बोलायला नको होतं. खोटं पहिल्या वाक्यात होतं, पण पसरलं ते दुसरं. प्रत्येकाला आपापला संशय आठवला. एक म्हणाला, माझ्या क्लचचं पण त्याने असंच केलं असणार. दुसरा म्हणाला, तरीच तो एकटा काम करतो, हाताखाली कोणी ठेवत नाही. त्या नाक्यावरच्या गाड्या हाच त्याचा धंदा होता, आणि त्या त्याच्याकडे जायच्या थांबल्या.

तो एका संध्याकाळी आमच्या गाळ्यात आला. बायको चमचे मोजून बांधत होती.

"काका, तुकडे दाखवा. माझी चूक आसली तर नाक्यार येवन कान धरतंय."

"भंगारात दिले."

बायकोचे हात थांबले. पोटमाळ्यावर काय आहे हे तिने आदल्याच आठवड्यात विचारलं होतं, आणि बारचे तुकडे आहेत असं मीच सांगितलं होतं.

"दोन्ही बार मी एकाच मापान आवळले. उजवो नाय तुटलो. डावोच कसो?"

"ते तुला माहीत."

तो माझ्या हातांकडे बघत राहिला. त्याला त्या दुपारची काळी बोटं आठवत होती, मला खात्री आहे. "त्या दिवशी तुमी हात लावलो होतो," तो म्हणाला.

"आता माझ्यावर ढकलतोस?" मी आवाज चढवला. वाडीतले दोघे-तिघे डोकावले. तो गेला.

घरी बायको एवढंच म्हणाली, "यात मला धरू नका." त्यानंतर कित्येक दिवस तिने माझ्याकडे पाहिलं की मला वाटे, ही कोणाला तरी सांगणार. भांडी घ्यायला कोणी लालबागचं आलं की मी तिला आत पाठवायचो.

त्याची शेड वर्षभरात बंद झाली. वडाळ्याला ट्रकच्या एका गॅरेजात तो नोकरीला लागल्याचं कळलं. मधल्या काळात बीडीडीची चाळ पाडून झालेल्या टॉवरमध्ये त्याला घर मिळालं, तेव्हाही नाक्यावर कोणीतरी म्हणालं, "धंदा बुडाला तरी टाइल्स-बिइल्स बसवतोय. कुठून आणतो?" मी तिथे उभा होतो आणि गप्प राहिलो.

यंदा मी गाळा सोडला. पोटमाळा रिकामा करताना गोणपाट खाली आलं. बायकोने ते उलगडलं, तुकडे माझ्यासमोर ठेवले आणि भांडी बांधायला निघून गेली.

मी वडाळ्याला गेलो. त्याचे केस पांढरे झाले होते. मी तुकडे दिले आणि काय केलं ते सांगितलं. त्याने दोन्ही टोकं जुळवून पाहिली, काळ्या भागावर नख टेकवलं.

"माका ठावक होता," तो म्हणाला. "माका कशाक सांगतास? ज्यांका सांगितलात, त्यांका सांगा."

"सांगतो."

"आणि माफी-बिफी नको. माका काम पडला आसा."

नाक्यावर सांगणं मला वाटलं त्याहून अवघड गेलं. मी तुकडे दाखवले, फुली दाखवली, उजवा बार अजून शाबूत आहे हे सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग एकजण म्हणाला, "काका, त्याने पाठवलंय काय तुम्हाला?"

"नाही रे."

"मग आत्ताच कसं आठवलं? इतकी वर्षं तर तोच चोर होता."

"म्हाताऱ्याचा गाळा गेला ना," दुसरा त्याला म्हणाला, मी तिथे नसल्यासारखा. "त्याच्याबरोबर काहीतरी नवीन सुरू करत असणार."

"आणि ही खूण काल मारली नाही कशावरून?"

मी गंज दाखवला. "गंज काय, मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेवलं की येतो," तो म्हणाला, आणि सगळे हसले. मला राग आला नाही. त्याच्या जागी मीही मिठाच्या पाण्याचाच विचार केला असता.

मी त्याच आठवड्यात पुन्हा गेलो, मग आणखी एकदा. आता मला बघितलं की ते म्हणतात, "आले बारवाले काका." एकाने मात्र मेकॅनिकचा फोन नंबर लिहून घेतला. त्याच्या पिकअपचं नाक खाली बसलं होतं.

परवा मेकॅनिकचा फोन आला. आपण होऊन त्याने केलेला पहिलाच.

"एक गाडी इली होती नाक्यारची. सुट्टीच्या दिवशी करून दिलंय."

"काय म्हणाला तो?"

"म्हणालो, म्हाताऱ्यार विश्वास ठेवायचो की नाय कळणा नाय, पण गाडी खाली बसलीहा, करतलंय काय."

मी काही बोलणार तोवर त्याने फोन ठेवला होता.