फडक्यातला फोन

माझा हातगुण चांगला आहे असं ऑफिसात सगळे म्हणायचे, आणि खरं सांगायचं तर मीही ते मनावर घेतलं होतं. रुसलेला प्रिंटर असो की गप्प पडलेला कॉम्प्युटर, मी जवळ जाऊन नुसता हात लावला की चालू. भिलाईत पंप हाउसांची देखभाल करणाऱ्या एका कंपनीत मी कॉम्प्युटर आणि ऑफिसचे मोबाईल सांभाळते. दुर्गच्या मोहन नगरातून स्कूटरने निघायचं, सुपेल्याच्या चौकात ट्रकवाल्यांना मनातल्या मनात शिव्या घालायच्या आणि नऊच्या आत टेबलाशी पोचायचं, असा माझा दिवस. स्वभाव तिखट. ‘मॅडम, मेल उशिरा येते’ अशी तक्रार आली की माझं डोकंच फिरायचं. मेल बहुतेक वेळा वेळेवर आलेली असायची, उशिरा जाग यायची ती तक्रारवाल्याला.

काकांची तक्रार आली तेव्हाही मी हेच धरून चालले. काका म्हणजे ऑफिसात सगळ्यांचेच काका, एका पंप हाउसचे सुपरवायझर. गोंदियाकडच्या शेतकरी घरातून फिटर म्हणून आलेले, आता रिटायर व्हायला आठ महिने उरलेले. आज कोणता पंप बंद ठेवायचा, कोणता चालू करायचा, हे त्यांना रोज सकाळी ऑफिसच्या मोबाईलवर मेलने कळायचं. लागोपाठ तीनदा त्यांनी ती मेल दोन-दोन तास उशिरा पाहिली. तिसऱ्या वेळी दुरुस्तीची माणसं पंपाशी ताटकळत बसली आणि काकांच्या हातात खुलाशाचं पत्र पडलं. खुलासा पटला नाही तर सुपरवायझरकी जाणार होती आणि सर्व्हिस रेकॉर्डवर ‘कामात हलगर्जी’ असा शेरा बसणार होता. आजवर त्या रेकॉर्डवर एक शेरा नव्हता. साहेबांनी मला सांगितलं, फोन तपास आणि काय ते लेखी दे.

मी गेले. काकांनी टेबलाचा खण उघडून एक पिवळं मऊ फडकं काढलं. मापाची नाजूक हत्यारं फिटर लोक ज्यात गुंडाळून ठेवतात, तसलं. त्यात ऑफिसचा फोन होता, काल डब्यातून काढल्यासारखा कोरा. मी तो हातात घेतला आणि लॅपटॉपवरून एक मेल पाठवली. लगेच वाजला. पुन्हा पाठवली, पुन्हा वाजला. तिसऱ्यांदाही तेच.

“काका, फोन एकदम ठीक है. आप ही देखते नहीं होंगे.”

“बजता है तो देखता हूँ ना, मैडम,” ते हळूच म्हणाले.

मी तिथेच बसून लिहून दिलं: फोनमध्ये कोणताही दोष नाही. खाली सही ठोकली.

निघताना आईचा फोन आला. मी तिच्यावर नेहमीसारखी मराठीतून खेकसले, तसा काकांचा चेहरा खुलला.

“मराठी हायस काय वो तू? मंग एक गोष्ट सांगतो, हासशीन नाई तं. तू हातात घेतला म्हणून तो वाजला. मी बी उचलतो तवाच वाजते. खाली ठेवला का मुका.”

“काका, असं कुठं असते का?”

“मशीन हाय नं ते पोरी. मशीनले पुसत जावं.”

मी फडक्याकडे पाहिलं आणि म्हटलं, “इतकं तर पुसून राहिले तुम्ही, आणखी किती पुसता?”

काका खो खो हसले. “पुसणं म्हणजे इचारणं वो. उद्या ये, दोघं मिळून पुसू त्याले.”

मला एक वाईट खोड आहे. समोरचा चुकतोय हे त्याला पटवून दिल्याशिवाय मला जेवण गोड लागत नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी मी लॅपटॉप घेऊन सकाळीच हजर झाले, काकांचा समज एकदाचा मोडून काढायला. त्यांनी सगळी मांडामांड करून ठेवली होती. त्यांचा फोन फडक्यात, फडकं खणात. ऑपरेटरकडे अगदी तसाच दुसरा फोन होता, तो केबिनच्या दारासमोरच्या चालू पंपाच्या चौथऱ्यावर. चौथरा सारखा थरथरत होता.

“आता दीड घंटा हात नाई लावायचा. काई धाडायचं बी नाई,” काका म्हणाले.

दीड तास! मी चडफडत बसले. काका मधेच उठले, एका लांब पेचकसाचं टोक पंपाच्या बेरिंगवर टेकवलं आणि मूठ कानाला लावून डोळे मिटून उभे राहिले. परत येऊन सांगितलं की हे बेरिंग अजून महिनाभर चालेल, पण पलीकडच्या पंपाचं कुरकुर करून राहिलं आहे. मी पलीकडे जाऊन कान दिला. मला दोन्ही पंपांची सारखीच घरघर ऐकू आली.

दीड तास झाला. “धाड आता.”

मी दोन्ही फोनना मेल पाठवली. पंपावरच्या फोनची काच उजळली. खण गप्प. दुसरी पाठवली. काच उजळली, खण गप्प. तिसरी, चौथी, पाचवी. पंपावरचा फोन दर वेळी उजळत होता आणि खणातून हूं की चूं नाही. नेटवर्क पाहिलं, दोघांचं सारखंच. माझे हात शिवशिवू लागले. मी खणाकडे हात नेला.

“हात नको लावू!” काका पहिल्यांदाच चढ्या आवाजात बोलले. आम्ही आणखी दहा मिनिटं त्या बंद खणाकडे पाहत बसलो. मग ते म्हणाले, “उचल आता.”

मी खण ओढला आणि फडक्याची पुरचुंडी तळहातावर घेतली. अजून फडकं उलगडलंही नव्हतं, तोच आत टिंग झालं. मग टिंग, टिंग, टिंग, टिंग. पाचही मेल माझ्या तळहातावर एकामागून एक जाग्या झाल्या.

मग मी शोधून वाचलं तेव्हा सगळं उलगडलं. निवांत पडून असलेला फोन बॅटरी वाचवायला झोपतो. आमचं मेलचं ॲप दर थोड्या वेळाने ऑफिसात विचारायला जायचं, मेल आली का म्हणून. फोन झोपला की तेही जायचं थांबतं. तो हलतोय की पडून आहे, हे त्याच्या पोटातल्या, तिळाहूनही लहान अशा एका भागाला कळतं. कोणतं ॲप मालक सारखं उघडतो आणि कोणतं क्वचित, याचीही फोन आठवण ठेवतो आणि क्वचितवाल्याला मागच्या रांगेत बसवतो. बाकीच्यांचे ऑफिसचे फोन दिवसभर खिशात हलत होते. त्यांच्यावर क्रिकेट चालायचं, पिक्चर चालायचे, बायकोशी भांडणंही चालायची. म्हणून ते जागे. काकांनी कंपनीची वस्तू म्हणून त्यावर स्वतःचा एक फोनसुद्धा केला नव्हता. कामापुरता उघडायचा, पुसायचा, गुंडाळून ठेवायचा. त्यांच्या नेकीनेच तो फोन झोपत होता.

तेवढ्याशा कणाला आपण कुणाच्या तरी हातात आहोत हे कळावं, याचं मला अजून नवल वाटतं. त्याहून जास्त नवल काकांचं. माझ्याकडे लॅपटॉप होता, कोर्सचं सर्टिफिकेट होतं, आणि मी हातात घेऊन घेऊन तो फोन तपासत होते. ज्या हातगुणाचा मला एवढा तोरा, त्यानेच मला आंधळं केलं होतं. काकांनी बेरिंगला विचारावं तसं फोनला विचारलं आणि उत्तर येईपर्यंत हात मागे घेऊन बसले. त्या माणसापुढे मी अगदी एवढीशी झाले आणि मला त्याचं जरासुद्धा वाईट वाटलं नाही.

सगळ्या फोनमध्ये मेलवरची बॅटरीची बंधनं काढून टाकायला मला एक दुपार लागली. साहेब म्हणाले, “सेटिंग बदली किया, इतना लिख दो, बस.” पण तेवढ्याने काकांवरचं पत्र तसंच राहिलं असतं. मी माझा आधीचा कागद परत मागितला आणि नवा लिहिला: ‘तपासताना मी फोन हातात घेतला, म्हणून मला दोष दिसला नाही. चूक माझी आहे. सुपरवायझर फोन जपून ठेवत होते व खासगी कामाला वापरत नव्हते, म्हणून मेल उशिरा येत होती.’ साहेबांनी तो दोनदा वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि स्वतःचा ऑफिसचा फोन उपडा करून ठेवला. चार दिवसांनी पत्र मागे घेतल्याचा कागद निघाला. मी तो स्वतः घेऊन गेले.

काकांनी चष्मा लावून तो सावकाश वाचला. “रेकॉर्ड साफ हाय नं मंग?”

“एकदम साफ हाय काका.”

“मले तेवढंच पायजे होतं,” म्हणाले, आणि डोळे पुसायला तेच पिवळं फडकं उचललं.

आठ महिन्यांनी ते रिटायर झाले आणि फोन माझ्या टेबलावर परत आला, फडक्यासकट. परत आलेला फोन आतून पार पुसून दुसऱ्याला द्यायचा, हा आमचा नियम. पुसण्याआधी मी तो उघडून पाहिला. फोटो एकही नाही. गाणं नाही. घरचा एक नंबर नाही. नुसत्या मेल, सकाळच्या, सगळ्या वाचलेल्या, आणि प्रत्येकीखाली काकांचं एकच उत्तर: ‘मिला. पंप चालू.’ शेवटची त्याच दिवशी सकाळची होती.

पुसायला त्यात काही नव्हतंच. तरी मी तो फडक्यावर ठेवला आणि बराच वेळ तशीच समोर बसून राहिले, हात न लावता.