साहेबांच्या सांडपाण्याला चार वाटा

पोलादपूरच्या वर, आंबेनळी घाटाच्या वाटेला, साहेब लोकांनी गोल्फ खेळायला एक माळ घेतला होता. त्या माळाने माझा एक अख्खा उन्हाळा खाल्ला. मी तेव्हा महाडला ओव्हरसियर होतो. क्लबाची नवी इमारत उठत होती, तिथल्या न्हाणीघरांचं आणि मुदपाकखान्याचं सांडपाणी कुठे सोडायचं ते सुचवायला वरिष्ठांनी मला धाडलं. चार दिवसांचं काम आहे, म्हणाले.

आधी मी ओढा दाखवला. क्लबाच्या सेक्रेटरी साहेबाने नकारार्थी मान हलवली. खेळताना चेंडू ओढ्यात पडतात, ते घाण होतील! खाली त्याच ओढ्यावर गुरं पाणी पितात, त्याचं काही नाही. बरं, मग गवताला द्या, हिरवं राहील, म्हटलं. तर मडमांना वास येणार. पिंपांत भरून बैलगाडीने लांब न्यावं, असंही सुचवून पाहिलं. गाडीवानांनी ऐकताच हात जोडले. "घाटात रिकामी गाडी वडताना बैल फेस टाकतात," एकजण म्हणाला, "त्यात ही घाण कोन वाहनार?"

उरला शोषखड्डा. माळ सगळा जांभ्या दगडाचा. मी पुरुषभर खोल खड्डा खणवला आणि काठोकाठ पाण्याने भरवला. संध्याकाळपर्यंत ठणठणीत कोरडा! मी स्वतःवरच बेहद्द खूश झालो. क्लबात लाकडाची मोळी घालायला खालच्या वाडीतली एक म्हातारी येत असे, ती हे सगळं बघत उभी होती.

"मुरलं नाय ते, भाऊसाहेब," ती म्हणाली. "खाली आमच्या झऱ्यावर गेलं."

मला संताप आला. परीक्षा पास झालेला मी, आणि अक्कल शिकवणार ही! पण जेवताना घास गोड लागेना. वैशाखात त्या वाडीला पिण्याजोगा तेवढा एकच झरा होता. शेवटी तिचं खरं की खोटं ते पाहायला महाडच्या बाजारातून जाड्या मिठाच्या गोणी आणवल्या, कुणाला न सांगता खड्ड्यात रिकाम्या केल्या आणि वरून पाणी सोडलं.

तिसऱ्या दिवशी म्हातारी मोळी टाकून थेट माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

"सकाळधरनं सुनंला बोलतेय मी, पेजंत मीठ किती घातलंस गो म्हणून. ती रडते, घातलंच नाय म्हणते. शेजारणीकडं तीच गत. काय टाकलंत तुमी, भाऊसाहेब?"

मी वाडीत उतरलो आणि झऱ्याचं ओंजळभर पाणी प्यालो. खारट. त्या सुनेची माफी मागावीशी वाटली, पण ओव्हरसियर असली माफी मागत नसतो. मी परत वर आलो.

सगळा प्रकार रिपोर्टात लिहिला. सेक्रेटरीने तो दोनदा वाचला आणि त्याचा चेहरा खुलला. इतक्या लांब दोन दिवसांत पाणी जातं म्हणजे हा खड्डा कधी तुंबायचाच नाही, तेव्हा हाच पसंत! मी कपाळावर हात मारून घ्यायचा बाकी होतो. साहेब, ते पाणी माणसं पितात, मी म्हटलं. मग त्यांनी दुसरीकडून भरावं, तो म्हणाला, आणि चहा मागवला. वरिष्ठांकडे गेलो तर ते माझ्यावरच वैतागले. "तुमचं काम मार्ग दाखवायचं, निवडायचं साहेबांनी. सही करा आणि मोकळे व्हा."

मी सही केली. तणतणत केली, पण केली. त्या साहेबाचा राग केव्हाच ओसरला, माझ्या सहीचा अजून येतो.

दुसऱ्या दिवशी वाडीत सांगायला गेलो. म्हातारी शिव्या घालील अशी मनाची तयारी केली होती. खरं तर घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तिने हातातला हंडा खाली ठेवला आणि सगळं ऐकून घेतलं.

"बरं," ती म्हणाली. "मग आता पानी कुठनं आणू, तेवढं सांगा. तुमी शिकलेले."

साहेबांच्या घाणीसाठी मी चार वाटा शोधून दिल्या होत्या. हिच्या हंड्यासाठी एकही शोधली नव्हती, आणि तिच्या अंगणात उभं राहून मला एकही सुचेना.